लेखिका-कार्यकर्तीचं पोर्ट्रेट: आधी उजेड, मग खुर्ची, मग माणूस, शेवटी कॅमेरा

पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी, व्याख्यानाच्या पत्रिकेसाठी किंवा वाचनालयाच्या भिंतीसाठी ज्येष्ठ कादंबरीकार बाईंचा फोटो हवा असतो. सोलापुरात अशा बाई बहुधा नुसत्या लेखिका नसतात. विडी कामगार बायकांच्या, यंत्रमागाच्या वस्त्यांमधल्या प्रश्नांवर त्यांचं आयुष्यभराचं काम असतं, आणि ते फोटोत दिसावं अशी सगळ्यांचीच इच्छा असते. हाती मात्र येतो तो ओळखपत्राचा तरी फोटो, नाहीतर श्रद्धांजलीच्या फलकावरचा.

दोष सहसा कॅमेऱ्याचा नसतो, क्रमाचा असतो. बाईंना आधी सोफ्यावर बसवतात, मग मागचा पडदा सारखा करतात, आणि उजेड कुठून येतोय हे फोटो काळपट आल्यावर बघतात. पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात.

१. फोटो कुठे जाणार ते ठरवा

भिंतीवरच्या १२ × १८ इंची फोटोला ३०० डीपीआयने (छापताना दर इंचाला ३०० ठिपके) ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ते सहज मिळतात. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल फोटोतून १२ × १६ इंच साधारण २५० डीपीआयने निघतो, पण कडा फारशा कापता येत नाहीत. मलपृष्ठावरचा दोन इंच रुंदीचा फोटो ६०० पिक्सेलमध्ये भागतो.

आकारापेक्षा जास्त घोळ आडव्या-उभ्याचा होतो. मलपृष्ठाला उभा फोटो लागतो. बॅनर आणि पत्रिका करणाऱ्याला आडवा, एका बाजूला मोकळी जागा असलेला. दोन्ही एकाच बैठकीत काढून घ्या. नंतर उभ्या फोटोचा आडवा करताना डोक्याचा वरचा भाग कापला जातो.

२. फोनवरचं बोलणं

‘पाच मिनिटांत होईल’ असं सांगू नका. दीड तास मागा, त्यातली पंचवीस-तीस मिनिटंच बाईंना बसावं लागेल हेही सांगा. उन्हाळा असेल तर वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊची धरा. एप्रिल-मे महिन्यांत दहानंतर घर तापतं, घाम येतो आणि बाई थकतात. थकलेला चेहरा कुठल्याही सेटिंगने सावरत नाही.

फोनवरच या गोष्टी विचारून घ्या:

- किती वेळ सरळ बसता येतं? गुडघे, कंबर, मान यांचा त्रास आहे का?
- चष्मा रोजचा कोणता? उन्हात काळा होणारा असेल तर साध्या काचांचा दुसरा आहे का?
- श्रवणयंत्र वापरता का? असेल तर काढायला सांगू नका; त्याशिवाय तुमचं बोलणं त्यांना ऐकू येणार नाही.
- लिहिता कुठे? टेबलावर, पलंगावर, की झोपाळ्यावर?

साडीबद्दल सुचवा, सक्ती करू नका. एकरंगी किंवा मोठ्या काठाची साडी उत्तम. अगदी बारीक चौकडी आणि बारीक उभ्या रेघा टाळलेल्या बऱ्या; डिजिटल फोटोत, विशेषतः तो लहान केल्यावर, त्यांवर लाटांसारखे खोटे पट्टे उमटतात. इरकल सोलापूर भागात घरोघरी नेसतात आणि फोटोत सुंदर दिसते, पण बारीक चौकडीची असेल तर एक साधी साडी हाताशी ठेवायला सांगा.

*सावधान:* कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या यांबद्दल एक अक्षरही सुचवू नका. कुणी वैधव्यामुळे लावत नाही, कुणी विचाराने सोडलेलं असतं, कुणी वैधव्यानंतरही ठरवून लावतं. बाई जशा समोर येतील तसाच फोटो. एडिटिंगमध्ये कुंकू ‘टाकून देणं’ तर अजिबात नको. अनेक लेखिकांनी याच विषयावर लिहिण्यात आयुष्य घातलेलं असतं.

जाण्याआधी त्यांचं निदान एक पुस्तक पूर्ण वाचा. का ते आठव्या पायरीत कळेल.

३. सामान

कॅमेरा, एक लेन्स, जादा बॅटरी, दोन कार्डं, ट्रायपॉड. फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्याला ८५ मिमी, लहान सेन्सरला ५० मिमी. मोबाइल असेल तर २x किंवा ३x वर काढा. १x वर चेहरा चौकटीत भरायला जवळ जावं लागतं आणि जवळून नाक मोठं, कान लहान दिसतात. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. दीड ते दोन मीटर लांब राहा.

त्याखेरीज:

- २ × ३ फुटी पांढरा सनबोर्ड (हलका, ताठ फलक), फ्लेक्सच्या दुकानात मिळतो. नसेल तर पांढरी चादर.
- काळी घोंगडी. तिच्यावर पडलेला उजेड जवळजवळ परत येत नाही, म्हणून चेहऱ्याची एक बाजू गडद करायला तिच्यासारखं साधन नाही.
- बसायला प्लास्टिकचं स्टूल, तुमच्यासाठी.
- सेफ्टी पिना, मऊ रुमाल, चष्मा पुसायचं कापड, कागदी चिकटपट्टी.

सोलापूरची हवा बहुतेक वर्षभर कोरडी आणि धुळीची. लेन्स घरूनच लावून निघा. रस्त्यात किंवा अंगणात बदलली की सेन्सरवर धूळ बसते आणि मागच्या साध्या भिंतीवर काळे ठिपके दिसतात.

४. उजेड शोधा

सगळा फोटो इथेच ठरतो. घरी पोहोचल्यावर बाईंना त्यांचं काम चालू ठेवू द्या आणि घरभर फिरा.

*४.१* आधी खोलीतले सगळे दिवे बंद करायची परवानगी घ्या. ट्यूब आणि एलईडीचा रंग खिडकीच्या उजेडापेक्षा वेगळा असतो. दोन्ही एकत्र आले की एक गाल निळसर आणि एक पिवळट येतो. काही एलईडी वीजपुरवठ्याबरोबर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे फोटोत आडवे पट्टेही येतात.

*४.२* थेट ऊन न येणारी मोठी खिडकी किंवा दार निवडा. सगळे सांगतात तशी उत्तरेची खिडकी चांगलीच, पण सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे. इथे मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडून उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेकडे मावळतो. म्हणून उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सकाळी लवकर व संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत येतं. तसं असेल तर खिडकीला पातळ पांढरं कापड लावा, किंवा ऊन सरकेपर्यंत थांबा. मध्यान्ह इथे बारा वाजता नसते, ऋतूप्रमाणे बारा दहा ते बारा चाळीसच्या दरम्यान असते. घड्याळाऐवजी जमिनीवरची सावली बघा.

*४.३* खोलीचे रंग बघा. हिरवा किंवा गुलाबी ऑइल पेंट असेल तर भिंतीवरून परतलेला उजेड तोच रंग चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला लावतो, आणि हिरवा रंग चेहऱ्यावर आजारासारखा दिसतो. त्या बाजूला पांढरा सनबोर्ड आडवा धरा. जमिनीचंही तेच. जुन्या घरातली शहाबादी फरशी करडी असते, खालून उजेड फारसा येत नाही. नव्या घरातल्या चकचकीत पांढऱ्या टाइल्स हनुवटीखालून उजेड फेकतात आणि चेहरा विचित्र दिसतो. टाइल्सवर सतरंजी अंथरली की झालं.

*४.४* मूठ वळून हात डोक्याच्या उंचीवर धरा आणि सावकाश फिरा. बोटांच्या सांध्यांवर उजेडाकडून सावलीकडे हळूहळू उतार दिसतो ती जागा चांगली. कडक रेघेची सावली असेल तर उजेड फार थेट आहे. सावलीच नसेल तर चेहरा सपाट येईल.

*तपासणी:* बाईंच्या जागी सोबतच्या माणसाला बसवा आणि त्याच्या डोळ्यांत बघा. बुबुळाच्या वरच्या भागात खिडकीचं लहान पांढरं प्रतिबिंब दिसलं पाहिजे. नसेल तर तोंड खिडकीकडे थोडं वळवा. हे प्रतिबिंब नसलेले डोळे छापल्यावर निर्जीव वाटतात.

५. खुर्ची आणि मागची भिंत

सोफा नको. सोफ्यात माणूस खचतो, खांदे वर येतात, मान आत जाते. घरातली लाकडी, ताठ पाठीची खुर्ची घ्या आणि बाईंना पुढच्या अर्ध्या भागावर बसवा; पाठ दुखत असेल तर मागे उशी द्या.

खुर्ची खिडकीपासून तीन-चार फुटांवर, खिडकी बाईंच्या एका बाजूला येईल अशी. खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळा येतो, आणि ही चूक सर्वांत जास्त होते. धड खिडकीपासून थोडं वळलेलं, चेहरा परत खिडकीकडे थोडा आणलेला. मागची भिंत पाच-सहा फूट लांब असावी, म्हणजे ती मऊ पडते आणि सावली तिच्यावर पडत नाही.

मागे काय ठेवावं यावर घरचे खूप सुचवतात. नम्रपणे पण ठामपणे ठरवा.

- पुस्तकांचं कपाट चालतं, पण सहा-सात फूट मागे. जवळ असेल तर वाचणारा दुसऱ्यांच्या पुस्तकांची नावं वाचत बसतो. मानचिन्हं आणि काचेची दारं चमकतात. ती बाजूला करा.
- सोलापुरी चादर आपल्या अभिमानाची असली तरी मागे टांगू नका. तिची ठसठशीत नक्षी चेहऱ्याशी भांडते. गुडघ्यावर किंवा खुर्चीच्या हातावर घडी करून ठेवलेली छान दिसते.
- भिंतीवर महात्मा फुले, सावित्रीबाई, डॉ. आंबेडकर यांच्या तसबिरी असतील आणि बाईंना त्या हव्या असतील तर पूर्ण चौकटीत घ्या, नाहीतर पूर्ण बाहेर ठेवा. अर्ध्या कापलेल्या तसबिरीचा अर्थ लोक भलताच लावतात.
- हार घातलेला फोटो डोक्याच्या वर येत नाही ना, हे दोनदा बघा.

*सावधान:* काळी पार्श्वभूमी, कडा धूसर आणि चेहरा मधोमध अशी मांडणी आपल्याकडे निधनाच्या बातमीशी जोडली गेली आहे. हयात व्यक्तीसाठी पार्श्वभूमी मधल्या करड्या किंवा मातकट रंगाची ठेवा आणि चेहरा मध्यापासून थोडा बाजूला.

६. बाईंना बसवल्यावर

पंखा फोटो काढताना तीन-चार मिनिटांपुरताच बंद करायचा आणि पुन्हा लावायचा. चालू पंख्यात केस आणि पदर हलतात. सतत बंद ठेवला तर घाम येतो. घाम रुमालाने टिपा, पुसू नका. पदर सरकत असेल तर पिन लावायचं काम घरातल्या बाईमाणसाला सांगा, स्वतः हात लावू नका. काही सुचवायचं असेल तर ‘ताई, मान जरा इकडे घेता का?’ असं बोला. सोबतच्या मदतनिसालाही हे आधी सांगून ठेवा.

चष्मा काढायला लावू नका. वाचक त्यांना चष्म्यातच ओळखतात, आणि काढल्यावर नाकावर दोन खुणा उरतात. काचेत खिडकी दिसत असेल तर चष्म्याच्या काड्या कानांवर अर्धा सेंटीमीटर उचला. काच किंचित खाली झुकते आणि प्रतिबिंब निघून जातं. तरी राहिलं तर हनुवटी थोडी खाली. कॅमेरा हलवून बघणं शेवटी.

तुम्ही स्टुलावर बसा. उभं राहून काढलं की कपाळ मोठं, बाई लहान आणि दबलेल्या दिसतात. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, फार तर दोन बोटं वर.

७. कॅमेऱ्याचं सेटिंग

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा ४ ते ५.६, शटर सेकंदाच्या १/२०० पेक्षा हळू नाही, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ४०० ते १६०० पर्यंत लागेल तेवढी. थोडे दाणे आलेले चालतात, हललेला फोटो चालत नाही.

एफ १.८ चा मोह आवरा. फुल फ्रेमवर ८५ मिमी लेन्सने दीड मीटरवरून एफ १.८ ला स्पष्टतेची खोली जेमतेम तीन सेंटीमीटर मिळते: एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर. एफ ४ ला ती सात सेंटीमीटरच्या वर जाते. फोकस नेहमी कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर.

पांढरी साडी हा मोठा सापळा आहे, आणि सामाजिक कामातल्या पुष्कळ बायका पांढरी किंवा फिक्या रंगाची सुती साडी नेसतात. कॅमेरा पांढरं जास्त बघून उजेड कमी करतो, म्हणून चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर (फोटोत येणारा एकूण उजेड) चेहऱ्यावरून ठरवा, गरजेप्रमाणे कॅमेऱ्यातल्या +/− च्या सेटिंगने +०.७ ते +१ करावं लागतं. आता साडीचे धागे जळू लागतील, म्हणजे वीण न दिसता नुसतं पांढरं येईल. त्यावर उपाय असा: खिडकी आणि बाई यांच्या मध्ये, चौकटीच्या बाहेर, एक रिकामी खुर्ची ठेवा आणि तिच्या पाठीवर गडद चादर टाका. छातीपर्यंतचा उजेड थोडा अडतो, चेहऱ्यावरचा तसाच राहतो. खुर्ची बाईंच्या जितकी जवळ तितकी सावलीची कड ठळक दिसते. दीड-दोन फुटांवरून सुरुवात करून सरकवत बघा.

मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा. ब्यूटी फिल्टर बंद. पोर्ट्रेट मोडही बंदच बरा; पांढरे सुटे केस आणि चष्म्याची काडी तो खाऊन टाकतो.

*तपासणी:* पहिले तीन फोटो पूर्ण मोठे करून बघा. जवळच्या डोळ्याच्या पापण्या सुट्या दिसतात? साडीच्या पांढऱ्यात वीण दिसते? दोन्ही ‘हो’ आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

८. फोटो काढताना

‘हसा’ म्हणू नका. त्यांनी लिहिलेल्या पात्राबद्दल खरा प्रश्न विचारा. ती शेवटी माहेरी का गेली नाही? हे गाव तुम्ही पाहिलेलं होतं का? यासाठीच पुस्तक वाचायला सांगितलं. अशा प्रश्नावर माणूस उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो, डोळे स्थिर होतात, आणि तो क्षण हाच तुमचा फोटो. बोलत असताना काढू नका, ओठ वेडेवाकडे येतात. वाक्य संपल्यावर काढा.

उत्तर सुचलं नाही किंवा बाई अवघडल्या तर त्यांच्याच कादंबरीतला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. परिच्छेद संपवून त्या वर बघतात, तेव्हा तयार राहा.

क्रम असा ठेवा: आधी छातीपर्यंतचे उभे, मग आडवे, मग हात दिसणारे, शेवटी लिहिण्याच्या जागेवरचे. सगळे मिळून ६० ते ८० पुरेत. दर दहा-बारा फोटोंनंतर एक तपासा, पण कॅमेऱ्याचा पडदा बघताना कपाळाला आठ्या घालू नका. समोरचा माणूस तुमचा चेहरा वाचत असतो.

हातात पेन देऊन हनुवटीला लावलेली पोझ टाळा. हात दाखवायचे तर त्यांना खरंच दोन ओळी लिहू द्या. कागदावर अप्रकाशित मजकूर असेल तर तो वाचता येणार नाही असा कोन घ्या. मोठ्या फाइलमध्ये अक्षर न् अक्षर वाचता येतं.

९. कामातला फोटो

हा वेगळ्या दिवशी काढा. विडी वळणाऱ्या बायका उजेडासाठी दारात, उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन बसतात. उजेड तिथे आयताच असतो, म्हणून लेखिकाताईंनाही त्यांच्याच ओळीत, जमिनीवर बसू द्या. त्या उभ्या आणि बाकीच्या बसलेल्या असा फोटो आला की पाहुण्या पाहणी करायला आल्यासारखं दिसतं. काम थांबवून सगळ्यांना ओळीत उभं करू नका; दिवसभरात किती विड्या झाल्या त्यावर मजुरी ठरते. यंत्रमागाच्या शेडमध्ये उजेड कमी आणि सुताची तूस हवेत असते: ट्रायपॉड न्या, लेन्स बदलू नका, चालू मागापासून लांब उभे राहा.

चौकटीत येणाऱ्या प्रत्येकीला विचारा, फोटो कुठे छापणार तेही सांगा. एकीने नको म्हटलं तर ती बाहेर बसेल असा कोन घ्या.

*सावधान:* समुपदेशन केंद्रात किंवा आश्रयगृहात आलेल्या बायकांचे चेहरे कधीही घेऊ नका, पाठमोऱ्याही ओळखता येतील अशा नको. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे.

१०. निवड आणि एडिटिंग

पाच फोटो निवडून बाजूला ठेवा आणि अंतिम निवड ताईंना करू द्या. घरच्यांना विचारलं तर ते सर्वांत तरुण दिसणारा निवडतात.

एक नियम पाळा: दोन आठवड्यांत आपोआप जाणारं काढायला हरकत नाही, कायमचं काढायचं नाही. पुरळ गेली तर चालते. सुरकुती, तीळ, व्रण राहतील.

कृष्णधवल करताना कुंकवाकडे लक्ष द्या. त्वचा उजळ करण्यासाठी लाल स्लायडर वर नेला की कुंकू फिकट होऊन कपाळात मिसळतं आणि लावलेलं कुंकू फोटोतून पुसलं जातं. लाल खाली ठेवा, त्वचेसाठी नारिंगी वर न्या.

वर्तमानपत्रासाठी वेगळी फाइल करा. त्या कागदावर शाई पसरते आणि मधले करडे रंग गडद छापले जातात, म्हणून चेहरा पडद्यावर जरा जास्तच उजळ वाटेल इतका ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो, आणि तोच लहान फोटो पुढे फ्लेक्सवर ताणला जातो.

११. छपाई, फ्रेम, हक्क

भिंतीसाठी मॅट कागद. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या सार्वजनिक जागी समोर दिवे आणि खिडक्या असतात, चकचकीत कागदावर तेच दिसतात. काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट बोर्डची (फोटोभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट हवी, नाहीतर पावसाळ्यातल्या दमटपणात फोटो काचेला चिकटतो. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा थेट उन्हात टांगू नका.

हक्काचं आधी लिहून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला तर, वेगळा करार नसल्यास, हक्काचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. मोबदला नसेल तर साधारणपणे छायाचित्रकार. म्हणून एका कागदावर फोटो कुणाचा, कुठे वापरायचा, छायाचित्रकाराचं नाव छापायचं की नाही, एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहात) द्यायचा असेल तरी तो हक्क असलेल्या माणसानेच द्यावा लागतो.

फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस, आडनाव आणि गाव लिहा. फाइलच्या आतल्या माहितीत (मेटाडेटामध्ये) पूर्ण नाव, जागा आणि छायाचित्रकाराचं नाव भरा. मूळ रॉ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. निवडलेल्या फोटोची एक छापील प्रत ताईंना स्वतः नेऊन द्या. मागे पेन्सिलने तारीख घाला, बॉलपेनने नको, त्याचा उठाव समोरून दिसतो.